बांबूवरची तार: प्रदर्शनासाठी केलेल्या एका फसलेल्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

मल्टिमीटरवर २.३ आकडा दिसला तेव्हा ट्रॉलीतल्या पोरांनी असा कल्ला केला की ट्रॅक्टरवाल्याला वाटलं कोणी खाली पडलं. त्यानं करकचून ब्रेक मारला, बांबू माझ्या खांद्यावर आदळला. आकडा २.३ मिलिव्होल्टचा होता, आणि खोटा होता. ते कळायला आम्हाला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांचं आणि पुढच्या दोन आठवड्यांचं हे टिपण आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पवहीत शेवटचं चालणारं मॉडेल तेवढं येतं. मधली फजिती कोणी लिहीत नाही, आणि शिकवणाऱ्याच्या कामाचं नेमकं तेच असतं. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मुलांची आणि शाळेची नावं मुद्दाम टाळली आहेत.

सुरुवात गुढीपाडव्याला

आमच्या भागात अवकाश हा विषय पुस्तकातून आला नाही, डोक्यावरून आला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठ-आठच्या सुमारास आकाशात जळत्या गोळ्यांची रांग सरकत गेली. अख्ख्या विदर्भानं ती पाहिली. थोड्याच वेळात आमच्याच तालुक्यात लाडबोरीला धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं, माणूस आरपार चालत जाईल एवढं. पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. चीनच्या लाँग मार्च ३-बी जातीच्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं जाणकारांनी नंतर सांगितलं.

तेव्हा पाचवी-सहावीत असलेली मुलं आता माझ्या वर्गात आहेत. त्यांतल्या एकाचा प्रश्न सुटता सुटत नव्हता: ‘सर, ते वरून पडायच्या आधी आपणच हळू उतरवून घेता येत नाही का?’ उत्तर देताना मी टेदरबद्दल बोललो. लांबच लांब वीजवाहक तार यानाला बांधून अवकाशात सोडायची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ती धावते, तारेत वीज तयार होते, आणि त्या विजेपायी यानाला मागे ओढ बसून ते हळूहळू खाली येतं. मी इतकं सगळं सांगितलं. मुलांनी त्यातला एकच शब्द उचलला: वीज.

त्यांचाही दोष नाही. धानाचा भाग आहे. मोटारीला थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. बाप रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधीवर जातो, साप-विंचवाचं भय वेगळं. अशा घरातल्या पोराला ‘आकाशातून वीज’ म्हटल्यावर कचऱ्याची आठवण कशाला राहील? प्रकल्पाचं नाव ठरलं ‘अवकाशातून मोफत वीज’. मी ते नाव तसंच जाऊ दिलं, आणि या प्रकरणातली पहिली चूक ती. ‘मोफत’ या शब्दावर तेव्हाच लाल रेघ मारायला हवी होती.

गटात तिघं. एक वायरमनचा मुलगा, नववीत. एक दहावीतली मुलगी, जी प्रत्येक गोष्ट वहीत लिहिते, मी शिंकलो तरी. तिसरा गटात होता कारण त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे.

पहिला प्रयोग

दहावीच्या अभ्यासक्रमात फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम आहे. चुंबकीय क्षेत्रात वाहक तार हलवली की तिच्या दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं. किती? तारेची लांबी, वेग आणि क्षेत्राची तीव्रता यांचा गुणाकार, तिन्ही एकमेकांना काटकोनात असतील तर. चुंबक वेगळा आणायची गरज नाही, पृथ्वीच चुंबक आहे. आमच्या अक्षांशावर तिच्या क्षेत्राचा आडवा, उत्तरेकडे जाणारा भाग ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास भरतो. म्हणजे तार उभी धरायची आणि पूर्व-पश्चिम पळवायची.

फळ्यावर हिशोब मांडला. बांबू पंधरा फूट, म्हणजे साडेचार मीटर. ट्रॅक्टर तासाला वीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. गुणाकार जेमतेम एक मिलिव्होल्ट. बाजारात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ पर्यंत दाखवतो. आकडा छोटा, पण दिसायला हवा. मला स्वतःला पटलं होतं, हे कबूल करतो.

पोरांना हे डांबरी रस्त्यावर करायचं होतं. त्या रस्त्यावरून ११ केव्हीची लाईन आडवी जाते. ट्रॉलीत उभा बांबू, बांबूवर तांब्याची तार, आणि वर लाईन! वायरमनच्या पोरानंच आधी हात वर केला: ‘सर, तिथं नको. बाबा मारतील.’ मग ट्रॅक्टरवाल्यांच्या, लाखोळी न पेरलेल्या मोकळ्या बांधीत गेलो. वर मोकळं आकाश, आसपास एक खांब नाही. बांबूच्या शेंड्यापासून बुडापर्यंत तार बांधली, शेंड्यावरून मल्टिमीटरची एक वायर खाली आणली, दुसरी बुडाला लावली. ट्रॅक्टर पूर्वेकडे पळाला आणि २.३ आला. कधी १.९, कधी २.६.

अपेक्षा एकची, मिळाले दोन. कमी मिळालं असतं तर शंका आली असती. जास्त मिळालं म्हणून आम्ही खूश! मुलीनं आकडे वहीत उतरवले, खाली दोन रेघा मारल्या.

आठ दिवसांनी ती तपासणीसाठी वही घेऊन आली तेव्हा मी सहज विचारलं, की परत येताना, पश्चिमेकडे जाताना, चिन्ह उलटलं का? दिशा उलटली तर प्लसचं मायनस व्हायलाच हवं. तिनं वही चाळली. परतीचे आकडेही प्लसच होते. तिचं तोंड उतरलं, माझंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत. या वेळी ट्रॅक्टर जागेवर उभा, इंजिन मात्र चालू.

‘सर, उभा हाये तरी बी २.२ दाखवते.’

‘इंजिन बंद कर.’

इंजिन थांबलं आणि आकडा ०.१ वर आला. मग शून्य. मग पुन्हा ०.१. मागच्या वेळचा तो २.३ पृथ्वीचा नव्हता; मॅसी कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरच्या डायनामोचा आणि थरथरणाऱ्या क्लिपांचा होता.

पण कोडं इथं संपलं नाही, खरं इथंच सुरू झालं. इंजिनाचा गोंधळ वजा केला तरी त्याच्या तळाशी आमचा हक्काचा एक मिलिव्होल्ट असायला हवा होता. पूर्वेला गेल्यावर आकडा सरासरीनं एक वर, पश्चिमेला गेल्यावर एक खाली. मुलीनं दोन्ही दिशांचे तीस-तीस आकडे घेऊन सरासरी काढली. फरक काहीच नाही. एक मिलिव्होल्ट गेला कुठं?

न्यूट्रल कुठं हाये?

हे कोडं मी सोडवलं नाही. संध्याकाळी पोराला न्यायला त्याचे वडील आले, कमरेला पक्कड, पायात लाईनवरचे बूट. पोरानं त्यांना बांबू दाखवला, तार दाखवली, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे तं एकच वायर झाली. न्यूट्रल कुठं हाये याचं?’

मी म्हटलं, शेंड्यावरून जी वायर मीटरकडे खाली येते तीच परतीची.

‘पण ते बी संगंच पळून रायली ना, सर.’

मी दोन मिनिटं गप्प होतो. बरोबर होतं. बांबूवरची तार साडेचार मीटर उंच आणि सेकंदाला साडेपाच मीटर पळते. तिच्यात एक मिलिव्होल्ट तयार होतो. शेंड्यावरून मीटरकडे खाली येणारी वायरही तेवढीच उंच, त्याच वेगानं, त्याच क्षेत्रातून पळते. तिच्यातही एक मिलिव्होल्ट तयार होतो. मंडळात दोन्ही समोरासमोर येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. वर गेलेली तार कुठून तरी खाली आणावीच लागते, आणि ट्रॉलीतच खाली आणली तर हिशोब शून्य. बांबू शंभर फुटी केला असता, ट्रॅक्टरऐवजी विमान आणलं असतं, तरी मीटर शून्यच दाखवणार होता.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे लपलेलंही नव्हतं. तिथं हलते ती एकटी दांडी; ज्या रुळांवरून ती सरकते ते जागचे हलत नाहीत, आणि मीटर रुळांना जोडलेला असतो. मी ती आकृती पंधरा वर्षं फळ्यावर काढतोय. रूळ स्थिर का, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

मग अवकाशात हे चालतं कसं? तिथं कोणते रूळ? याचंही उत्तर वायरमन भाऊंच्याच बोलण्यातून निघालं. खेड्यात न्यूट्रल गेला की काही जण फेजची एक वायर आणि जमिनीत ठोकलेला लोखंडी रॉड यांच्यावर बल्ब पेटवतात. मुळाशी पाणी ओततात म्हणजे बल्ब उजळ होतो. हा प्रकार जिवावरचा आहे, माणसं आणि जनावरं त्यात गेली आहेत. भाऊंनी ‘हे लिहू नका, कोणी करून पाहतील’ असं बजावलं होतं. तरी लिहितोय, कारण यापेक्षा चपखल उदाहरण मला सापडलं नाही. तिथं परतीची वायर नसते, जमीनच परतीचं काम करते. अवकाशातल्या तारेला अशीच एक ‘जमीन’ लागते, आणि ती तिथं आहे. तीनशे किलोमीटर उंचीवर पोकळी पूर्ण रिकामी नसते. सूर्याच्या अतिनील किरणांनी विरळ हवेतले अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन मोकळे झालेले असतात. ते आयनांबर. वीज वाहून नेणारं, आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे यानाबरोबर न पळणारं. तार सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं त्याला चिरत जाते, ते आपलं पृथ्वीबरोबर सावकाश फिरत राहतं. तेच स्थिर रूळ.

वीस किलोमीटरचा दोर

हे प्रत्यक्षात करून पाहिलं गेलं आहे, आणि त्याची गोष्ट आमच्या बांबूपेक्षा फार वेगळी नाही. कल्पना मांडणाऱ्यांत ज्युझेप्पे कोलोम्बो आणि मारिओ ग्रोसी ही इटालियन नावं प्रमुख. नासा आणि इटलीच्या अवकाश संस्थेनं मिळून एक गोल उपग्रह तयार केला, १.६ मीटर व्यासाचा, अर्ध्या टनाहून थोडा जड. स्पेस शटलमधून तो तारेवर सोडायचा, पतंगासारखा, फक्त वाऱ्याशिवाय. वरचं टोक पृथ्वीपासून जरा लांब म्हणून ते बाहेर फेकलं जाऊ पाहतं, खालचं टोक जवळ म्हणून आत ओढलं जातं. या ओढाताणीत दोर आपोआप ताठ उभा राहतो.

पहिला प्रयत्न १९९२ मध्ये, अटलांटिस शटलवरून. वीस किलोमीटर सोडायचा दोर अडीचशे मीटरच्या थोडा पुढं जाऊन अडकला. कारण? रिळाच्या यंत्रणेत ऐनवेळी केलेल्या बदलातला एक बोल्ट बाहेर आला होता. थ्रेशर ज्यानं चालवलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा प्रयत्न २२ फेब्रुवारी १९९६ ला उडालेल्या कोलंबिया शटलवरून. दोर २.५४ मिलिमीटर जाडीचा, चपलेच्या बंदाएवढा. आत नोमेक्सचा गाभा, त्यावर तांब्याच्या बारीक तारा, त्यावर इन्सुलेशन, त्यावर ताकदीसाठी केव्हलर. तारेत तयार होणाऱ्या व्होल्टेजमुळे वरचा उपग्रह धन झाला, त्यानं आयनांबरातले इलेक्ट्रॉन ओढून घेतले. ते तारेतून खाली शटलपर्यंत आले आणि तिथून इलेक्ट्रॉन गननं पुन्हा बाहेर सोडले. मंडळ पूर्ण. सुमारे साडेतीन हजार व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट मिळाला, जुन्या सिद्धांतातून काढलेल्या अंदाजाहून तो बराच जास्त होता.

इथं मुलीनं वहीत एक हिशोब केला, तो मला सगळ्या प्रकल्पात सर्वांत आवडतो. आमची ट्रॉली सेकंदाला साडेपाच मीटर, शटल साडेसात हजारांहून जास्त: सुमारे चौदाशे पट. आमचा बांबू साडेचार मीटर, त्यांचा दोर वीस किलोमीटर: साडेचार हजार पटींच्या जवळ. वरचं चुंबकीय क्षेत्र आमच्या बांधीतल्या क्षेत्राच्या पाऊणपटीहून थोडं कमी. एक मिलिव्होल्टला या सगळ्यांनी गुणलं तर चार हजार व्होल्टच्या वर जातं. शटलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी तिरपी होती आणि आयनांबर पृथ्वीबरोबर त्याच दिशेनं फिरतं, म्हणून काही कट. उरतात साडेतीन हजार. म्हणजे आमचा एक मिलिव्होल्ट चुकीचा नव्हता. तो मोजायची जागा चुकली होती.

२५ फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी, १९.७ किलोमीटर दोर बाहेर आलेला असताना तो शटलजवळच तुटला. चौकशीत निघालं ते असं: इन्सुलेशनला कुठं तरी छेद गेला होता, त्या जागेतून साडेतीन हजार व्होल्टची ठिणगी शेजारच्या धातूवर उडत राहिली, तिनं केव्हलर जाळला, आणि अशक्त झालेली तार ताणानं तुटली. तुटलेलं टोक काळं पडलं होतं. वायरमन भाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, ‘हे तं आमचं रोजचंच हाये. सर्व्हिस वायर टिनाले घासते, वरचं कव्हर जाते, मंग चटचट चटचट, आन् पावसाळ्यात एक दिवस तुटून पडते.’ तुटलेला दोर घेऊन तो उपग्रह १९ मार्चपर्यंत फिरत राहिला. जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी ती चमकती रेघ दिसत होती. मग वातावरणात शिरून जळाला.

तीन एचपीचा प्रश्न

इथवर आल्यावर शाळेच्या फाटकाशी एका पालकांनी मला गाठलं. त्यांची दोन एकर धानाची बांधी, तीन एचपीची मोटार. पोरांकडून ऐकलं होतं. ‘गुरुजी, ते वरची लाईन कधी येते आपल्याकडं?’

मी तिथंच, फाटकाच्या खांबावर खडूनं लिहून दाखवलं. साडेतीन हजार व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, पावणेदोन हजार वॅट. म्हणजे सव्वादोन एचपीपेक्षा थोडं जास्त. वीस किलोमीटरचा दोर, शटल, सात अंतराळवीर, आणि त्यावर तुमची तीन एचपीची मोटारही पुरती चालली नसती. शिवाय रात्री सूर्य नसल्यामुळे आयनांबर विरळ होतं आणि करंट आणखी पडतो. म्हणजे रात्रीची लाईट तिथंही कमीच. ते हसले. पण मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: ‘ते सव्वादोन एचपी तरी कुठून येते? डिझेल तं लागत नसंल.’

हाच प्रश्न मुलांनी प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, आणि मीही.

तारेतून करंट वाहू लागला की पृथ्वीचं क्षेत्र त्या करंटवर बल लावतं, आणि ते बल नेहमी गतीच्या उलट असतं. अर्धा अँपिअर, वीस किलोमीटर, तीस मायक्रोटेस्ला धरले तर ०.३ न्यूटन. किराणा दुकानाच्या तराजूत ३० ग्रॅमचं वजन टाकलं तर जेवढं जाणवेल तेवढं. शंभर टनांच्या शटलला तीस ग्रॅमची ओढ म्हणजे हत्तीच्या शेपटीला माशी. पण ती ओढ सतत असते, आणि वेग प्रचंड. फळ्यावर गणित केलं तर असं यान दिवसाला चार-साडेचारशे मीटर खाली येतं. म्हणजे ती वीज उंचीतून येते. फ्लोरिडाला जळालेल्या इंधनानं जी उंची कमावली होती, तीच थोडी थोडी मोडून. ती उंची परत हवी असेल तर पुन्हा इंधन जाळायचं, किंवा सौर पॅनलची वीज तारेतून उलट दिशेनं ढकलायची. मग हीच तार यानाला पुढं रेटते.

त्या पालकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘मंग हे तं वावर इकून लाईटबिल भरल्यासारखं झालं, गुरुजी.’

मी वर्गात जाऊन प्रकल्पाच्या नावातला ‘मोफत’ खोडला. मग ‘वीज’ही खोडली. एक गंमत मात्र मुलांना शेवटपर्यंत पचली नाही, ती इथं नोंदवतो: ओढ लागून यान खालच्या कक्षेत आलं की त्याचा वेग कमी होत नाही, वाढतो. ब्रेक लावला आणि गाडी जोरात पळाली. उंचीतून सुटलेल्या ऊर्जेतली साधारण निम्मी तारेत जाते, निम्मी वेगात. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा म्हणाला, असा ट्रॅक्टर मी चालवणार नाही.

मॉडेल पुन्हा

प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते. नवं मॉडेल साधं होतं. लाकडी पाटावर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधल्या जागेत जुन्या स्पीकरमधून काढलेले चुंबक एका रांगेत, सगळ्यांचं एकच तोंड वर. पट्ट्यांवरून तांब्याची दांडी घरंगळवायची. मीटर पट्ट्यांना जोडलेला, म्हणून जागेवर स्थिर. दांडी डावीकडून उजवीकडे गेली की प्लस, उलट गेली की मायनस, चार ते सात मिलिव्होल्ट. पट्ट्यांखाली मुलीनं निळा कागद लावून त्यावर लिहिलं: आयनांबर. दांडीला नाव दिलं: तार.

आणि ओढ दाखवायला दुसरी वस्तू, भंगारातल्या फ्रिजमधून काढलेला तांब्याचा पाईप. त्यातून खिळा सोडला तर टणकन खाली. त्याच आकाराचा चुंबक सोडला तर तरंगत तरंगत, वाट पाहायला लावून पडतो. पाईपमध्ये करंट तयार होतात आणि तेच चुंबकाला रोखतात. प्रदर्शनात या पाईपपाशी इतकी गर्दी झाली की शेजारच्या ठिबक सिंचनाच्या मॉडेलवाल्यांनी तक्रार केली.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, यातून किती युनिट वीज मिळेल? वायरमनच्या मुलानं बांधीतली सगळी हकीकत सांगायला घेतली, २.३ पासून. ते पुढच्या टेबलाकडे निघून गेले. नंबर ठिबकला गेला. मॉडेल चांगलंच होतं त्यांचं, त्यात वाद नाही.

कड्याचं काय?

मूळ प्रश्न राहिलाच होता: लाडबोरीसारखं कडं पडायच्या आधी तारेनं उतरवता आलं असतं का? मुलीनं शेवटच्या पानांवर हे लिहिलं आहे, मी फक्त दुरुस्त्या केल्या.

ओढीच्या बाजूनं बघितलं तर कल्पना दमदार आहे. तीच ०.३ न्यूटनची ओढ दोन टनांच्या तुकड्याला लावली तर तो दिवसाला वीसेक किलोमीटर खाली येईल, तेही इंधनाशिवाय. म्हणून आता टेदरचा विचार विजेपेक्षा कचऱ्यासाठी जास्त होतो. प्रॉक्स-१ या छोट्या उपग्रहावर ७० मीटरची वाहक पट्टी २०१९ मध्ये उलगडली, आणि तो आधीच्या चोवीसपट वेगानं खाली येऊ लागल्याचं दिसलं. पण जपाननं २०१७ च्या सुरुवातीला आपल्या कोनोतोरी-६ मालवाहू यानावरून ७०० मीटरची तार सोडायचा प्रयत्न केला, तेव्हा ती बाहेरच आली नाही. तारेच्या टोकाचं वजन सुटलंच नाही. वीस किलोमीटर असो की सातशे मीटर, दोर गुंत्याशिवाय उलगडणं हेच या क्षेत्रातलं सर्वांत अवघड काम दिसतं. मोटेचा सोल विहिरीत सोडणाऱ्या आमच्या आजोबांनी सहज सांगितलं असतं.

आमच्या कड्यासाठी मात्र दोन अडचणी. लाँग मार्च ३-बी उपग्रहांना फार उंच कक्षेकडे नेतं, त्यामुळे त्याचा रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरतो: एक टोक पृथ्वीजवळ, दुसरं हजारो किलोमीटर लांब. लांबच्या टोकाला चुंबकीय क्षेत्रही क्षीण, इलेक्ट्रॉनही विरळ. तार तिथं जवळजवळ बेकार. फेरीतला थोडाच वेळ ती काम करेल. दुसरी अडचण मुलीनं स्वतः काढली आणि मला ती आधी सुचली नव्हती: तार तुकड्याला लवकर उतरवते, पण कुठं उतरवायचं ते ठरवत नाही. शेवटच्या फेरीत तो लाडबोरीवर यायचा की बंगालच्या उपसागरावर, हे तारेच्या हातात नाही. तिनं त्या परिच्छेदाखाली लिहिलंय: ‘लवकर पडेल. आपल्यावर पडणार नाही असं नाही.’

बांबू ट्रॅक्टरवाल्याच्या घरी परत गेला, आता वालाच्या वेलाला लावलाय. तिघांच्या डोक्यात दुसरंच शिरलं आहे. त्यांना मी सांगून बसलो की १८३२ मध्ये मायकेल फॅरेडेनं लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याच्या पट्ट्या सोडून वाहत्या पाण्यात तयार होणारी वीज मोजायचा प्रयत्न केला होता. तार स्थिर, पाणी पळतं. म्हणजे रूळ आणि दांडी नेमके उलट. त्याला भरवशाचा आकडा मिळाला नाही. आमच्याकडे धानाला पाणी सोडतात तेव्हा कालवा दहा मीटर रुंद, सेकंदाला मीटरभर वेगानं वाहतो. मुलीनं हिशोब करून आणला: ०.२ मिलिव्होल्ट. मल्टिमीटरवर दोन अंक. मी म्हटलं, पट्ट्यांवर पाण्याची जी रासायनिक क्रिया होते तिच्यात हे दोन अंक बुडून जातील. तिनं वहीत तेही लिहून घेतलं, आणि विचारलं की पाणी बंद असताना आणि सुरू असताना असे दोन्ही आकडे घेतले तर?

पुलावरूनच करायचं, पाण्यात उतरायचं नाही, एवढी अट घातली आहे. तांब्याच्या दोन सारख्या पट्ट्या वायरमन भाऊ देणार आहेत.